दाराशी थांबलेला कायदा

कोरमंगलाकडून निघून इब्लूर, बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली अशी जुनी गावे मागे टाकत सर्जापूरला पोहोचणारा रस्ता म्हणजे सर्जापूर रोड. विप्रोचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे. आयटीत नोकरी करणारी पुण्या-मुंबईकडची, नागपूर-कोल्हापूरकडची असंख्य मराठी कुटुंबे बंगळुरूच्या या आग्नेय टोकाला स्थिरावली आहेत. सकाळी सात-साडेसातला इथल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकावर दोन प्रवाह एकमेकांना ओलांडताना दिसतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणी कॅबसाठी बाहेर पडत असतात, आणि त्यांच्याच घरची भांडी, पोळ्या, तान्ही मुले सांभाळायला आलेल्या बायका रखवालदाराच्या टेबलाशी रांग लावून मोबाइलवर आपली हजेरी लागण्याची वाट पाहत असतात. आत गेल्यावर अनेक ठिकाणी त्यांची लिफ्ट वेगळी असते, आणि बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवावी लागते.

दोघीही कमावत्या आहेत. पहिलीसाठी देशाने पन्नास वर्षांत बऱ्यापैकी कायदा उभा केला, दुसरीच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. आणि पहिलीला मिळालेला कायदाही तिच्या कचेरीपुरताच खंबीर आहे. संध्याकाळी ती घरात शिरली की तोच कायदा चाचरू लागतो. भारतातील स्त्री-पुरुष समतेच्या कायद्याचा आढावा घ्यायचा तर ही रेघ आधी पाहिली पाहिजे. सार्वजनिक जागेत स्त्रीला नागरिक मानायला कायदा शिकला आहे, घरात अजून पुरता शिकलेला नाही.

कचेरीची दारेही आपोआप उघडली नाहीत. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी पुण्याच्या टेल्कोची जाहिरात वाचली. मुलींनी अर्ज करू नये, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला, मुलाखतीचे बोलावणे आले आणि पुढे सुधा मूर्ती या नावाने देशाला माहीत झालेल्या या मुलीने पुण्याच्या कारखान्यात पाऊल ठेवले. ही गोष्ट मराठी घरांत कौतुकाने सांगितली जाते. मात्र तशी जाहिरात देणे त्या काळी कुणाला वावगे वाटत नव्हते, ही बाब सांगताना निसटते. सरकारही वेगळे नव्हते. परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी आणि लग्नामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा द्यावा, असा नियमच होता. कर्नाटकातील कोडगूच्या सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. त्यांनी बढतीतल्या भेदभावाविरुद्ध दाद मागितली तेव्हा, १९७९ मध्ये, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कोरडे ओढले. पुढे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ मध्ये आला, आणि त्या पीठावर मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. या निकालातून २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा निघाला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची झाली.

सर्जापूर रोडच्या पट्ट्यात ही समिती कागदावर तरी असते. तिच्याकडे जायला मुली किती धजावतात, हा प्रश्न उरतोच.

रात्रपाळीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कर्नाटकच्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कलम २५ ने स्त्रियांना रात्री कामावर ठेवायला मनाई केली होती, आयटी आणि कॉल सेंटरना मात्र अटींवर सूट मिळाली. डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरूत रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरच्या एका तरुणीवर कॅबचालकाने बलात्कार करून तिचा खून केला. चालकाला २०१० मध्ये जन्मठेप झाली. कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांवरही याच कायद्याखाली खटला भरला गेला आणि तो रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नकार दिला. त्या कलमाखाली शिक्षा होती जास्तीत जास्त हजार रुपये दंड. २००७ मध्ये पुण्यातही रात्रपाळीला निघालेल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या वाट्याला हेच आले.

अशा घटनेनंतर समाजाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: मुलींनी रात्री कामाला जाऊच नये. कायद्यानेही दीर्घकाळ हेच केले. कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ ने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्याबाहेर ठेवले होते. हल्लेखोर मोकळा आणि जिच्यावर हल्ला व्हायचा ती घरात बंद, अशी ही सुरक्षितता होती. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मुलीला कॅबमध्ये सर्वांत आधी घ्यायचे नाही आणि सर्वांत शेवटी सोडायचे नाही, हा आज बंगळुरूत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला नियम त्यापुढचा टप्पा आहे, कारण त्यात जबाबदारी मालकाची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनीही स्त्रीच्या संमतीने आणि मालकाने सुरक्षेची व्यवस्था करण्याच्या अटीवर रात्रपाळी खुली केली. दिशा योग्य आहे. संमती खरी आहे की नोकरी टिकवण्यासाठी केलेली सही, हे तपासायला कामगार निरीक्षकांची जी फौज लागते ती कुठल्याच राज्याकडे नाही.

मातृत्वाच्या कायद्यातली मेख वेगळी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. हा मोठाच दिलासा होता, पण रजेचा सगळा खर्च मालकावर टाकल्यामुळे लग्न झालेल्या तरुणीला नोकरी देताना हात आखडता घेण्याचे कारणही त्यातूनच मिळाले. शिवाय खासगी क्षेत्रातल्या बापाला एका दिवसाचीही कायदेशीर पितृत्व रजा नाही. मूल सांभाळणे हे बाईचेच काम, हे एका चांगल्या कायद्याने नकळत पुन्हा अधोरेखित केले.

सर्जापूर रोडवरून काही किलोमीटर पश्चिमेला होसूर रोड लागतो. तिथे एप्रिल २०१६ मध्ये जे घडले ते स्त्रीवादाच्या पुस्तकांत फारसे येत नाही, पण यायला हवे. नोकरी सुटल्यावर भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्राने केला होता. बोम्मनहळ्ळी परिसरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतून हजारो शिवणकामगार बायका कुणा मोठ्या नेत्याशिवाय रस्त्यावर उतरल्या आणि वाहतूक ठप्प झाली. दुसऱ्या दिवशी दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमारही झाला. १९ एप्रिलला सरकारने नियम मागे घेतला. पन्नाशीच्या आत शरीर थकून मशीन सोडावे लागणाऱ्या बाईला ५८ हे वय काय सांगते, याचा विचार नियम करताना झाला नव्हता. नियम वरवर स्त्री-पुरुषांना सारखाच होता; त्यामागे डोळ्यांपुढे होता तो निवृत्तीपर्यंत एकाच नोकरीत राहणारा पुरुष.

बाईचे शरीर आणि कामाचा नियम यांची गाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा पडली. कर्नाटक मंत्रिमंडळाने वर्षाला १२ दिवस पगारी मासिक पाळी रजा मंजूर केली. सरकारी कचेऱ्या, आयटी, कपड्यांचे कारखाने सगळे त्यात आले. यामुळे बायकांना नोकऱ्या मिळणे अवघड होईल, अशी शंका अनेक स्त्रियांनीच व्यक्त केली आहे आणि ती पोकळ नाही. तरीही पाळीची रजा नसेल तर काय होते, हे पाहायला मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात आणि हिशेबात दोघे मिळून एक ‘कोयता’ असतात. एका दिवसाचा खाडा झाला की दंड बसतो. पाळीत, बाळंतपणानंतर, अंगावर पांढरे जात असताना पहाटे फडात उतरून मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आसपास संडास नाही, पाणी नाही. दुखणे घेऊन दवाखान्यात गेले की पिशवी काढून टाका हा सल्ला मिळायचा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्री ऊसतोड मजुरांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यात तिशीपस्तिशीच्याही बायका होत्या. बंगळुरूतली बारा दिवसांची रजा ज्यांना लाड वाटते त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. त्या रजेच्या कक्षेत ना ऊसतोड मजूर येते, ना सोसायटीच्या फाटकावर रांगेत उभी राहिलेली घरकामगार.

घरकामगाराचे दुखणे असे की तिची कामाची जागा म्हणजे दुसऱ्याचे घर, आणि घरात शिरायला कायदा बिचकतो. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घातले, महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी काम बंद ठेवून पगारवाढ आणि रजा मागितल्या होत्या. त्या लढ्याच्या मानाने पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पदरात पडले ते थोडेच. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरालाही कामाची जागा मानतो आणि घरकामगाराला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. बेळ्ळंदूरच्या एखाद्या टॉवरमध्ये सहा घरची कामे करणाऱ्या, उत्तर कर्नाटकातून किंवा बंगालमधून आलेल्या बाईला ही समिती कुठे बसते हे कोण सांगणार? सोसायटीच्या सूचना फलकावर पाणीपट्टीची, पार्किंगची, कुत्र्यांची सूचना असते. या समितीचा पत्ता सहसा नसतो. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा करार भारताने अजून मंजूर केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या कामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितले.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. फ्लॅटमधल्या स्त्रीची नोकरी या दुसऱ्या स्त्रीच्या कमी पगारावर उभी आहे. घरातल्या पुरुषाने काम वाटून घेतले नाही, म्हणून ते एका बाईच्या अंगावरून दुसऱ्या बाईच्या अंगावर गेले. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला त्यावर २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे.

आता घराच्या आत. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीने पत्नी रखमाबाईला नांदायला आणण्यासाठी दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपल्याला बांधू शकत नाही, असे तिचे म्हणणे होते. न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजीचा दावा फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, आणि या वादाने तापलेल्या वातावरणात १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. टिळकांचा त्याला कडवा विरोध होता, हे महाराष्ट्राने विसरू नये.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट जिंकल्यासारखी संपते. प्रत्यक्षात नांदायला येण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही जसाच्या तसा आहे. तुरुंग गेला, पण हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरात ते पुन्हा उभे केले, आणि त्याला २०१९ मध्ये नव्याने आव्हान देण्यात आले आहे. कलम नवरा-बायको दोघांनाही वापरता येते हे खरे. ज्या समाजात सासर सोडणारी बहुधा बाईच असते तिथे त्याचा बोजा कुणावर पडतो, हे वेगळे सांगायला नको.

याच घरातल्या सर्वांत अवघड प्रश्नावर बंगळुरूनेच देशाला जागे केले. पत्नीने पतीवर लावलेला बलात्काराचा आरोप रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांनी २३ मार्च २०२२ रोजी नकार दिला. नवरा म्हणून कुणी गुन्ह्यातून सुटू शकत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याला स्थगिती दिली. जुलै २०२४ पासून दंडसंहिता बदलली, तरी पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये कायम राहिला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये हा अपवाद राहावा अशीच भूमिका न्यायालयात घेतली, विवाहसंस्थेला धक्का लागेल म्हणून. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीही असाच युक्तिवाद झाला होता.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही याच शहरातून मोठ्या आवाजात आले. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूतल्या एका तरुण अभियंत्याने पत्नी आणि सासरच्यांनी लावलेल्या खटल्यांना कंटाळून आयुष्य संपवले, मागे दीर्घ चिठ्ठी आणि चित्रफीत ठेवली. देशभर क्रूरतेविरुद्धच्या ४९८अ कलमाच्या, म्हणजे आताच्या कलम ८५ च्या, गैरवापराची चर्चा पेटली. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात या कलमाखाली मोघम आरोप करून सगळ्या सासरला गोवण्याविरुद्ध बजावले. त्या तरुणाचे दुःख खरे आहे. वर्षानुवर्षे लांबणारी कोर्टबाजी कुणाचाही जीव घेऊ शकते, आणि खोटी तक्रार हा गुन्हाच आहे. ऊठसूट अटकेला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच लगाम घातला. पण गैरवापर होतो म्हणून कलमच मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडेही पाहावे. पाचव्या पाहणीत कर्नाटकातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आधीच्या पाहणीत हे प्रमाण २०.६ टक्के होते. यातल्या बहुसंख्य बायका पोलीस ठाण्याची पायरीही चढलेल्या नाहीत.

कायदे समाजाने रेटल्याशिवाय हललेले नाहीत, हा महाराष्ट्राचा अनुभव आहे. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. वसुधा धगमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, मुंबई-दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कधी समाज कायद्याच्या पुढेही जातो: कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा सरकारला मागून परिपत्रक काढावे लागले.

आणि शेवटी मालमत्ता. तिच्यावाचून बाकीचे हक्क लंगडे पडतात. मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा द्यायला कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये सुरुवात केली, देशाने २००५ मध्ये. त्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. गोव्यात तर जोडीदाराच्या सहीवाचून घर विकता येत नाही. इतके होऊनही हिंदू वारसा कायद्याचे कलम १५ जिवंत आहे, आणि सर्जापूर रोडवर स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेणाऱ्या कित्येक तरुणींना ते ठाऊक नाही.

१९५५ मध्ये नारायणीदेवी नावाच्या मुलीचे लग्न झाले. तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घालवून दिले. आईवडिलांनी शिकवले, ती नोकरीला लागली, बँकेत, भविष्य निर्वाह निधीत पैसा साठवला आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. आईने हक्क सांगितला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची सगळी कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली, कारण कलम १५ असेच सांगते: मूल आणि नवरा नसलेल्या विवाहित स्त्रीने स्वतः मिळवलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईबापांचा क्रम त्यांच्या मागून लागतो. नवरा हयात असेल आणि मूल नसेल, तर सगळे एकट्या नवऱ्याला मिळते. याउलट पुरुष वारला तर त्याची आई बायको-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी २०१२ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला होता, तरी कलम पुस्तकात तसेच आहे.

संसदेने ते बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. ज्या कमावत्या स्त्रीने आईबापांच्या कष्टांवर शिक्षण घेतले आणि आज जिच्या नावावर घर, शेअर, निधी आहे, तिने मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक कागद लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्या दोघांनी तिच्यासमोर सही केली की ते वैध होते.